डिझेल बुलेट: ॲव्हरेज आणि उजेड यांचा हिशेब एकत्र मांडा

जुन्या बुलेटच्या चासीत ग्रीव्हज कंपनीचं डिझेल इंजिन बसवलेली गाडी आमच्या नगर भागात अजून अधूनमधून दिसते. खरं तर दिसण्याआधी ऐकू येते. मागे दुधाचे कॅन, पुढे पिवळट मिणमिणता दिवा आणि चढाला काळा धूर, असा तिचा थाट. कंपनीनंही डिझेल बुलेट काढली होती, पुढे ती ‘टॉरस’ नावानं विकली गेली. ३२५ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, ताशी पासष्टच्या आसपास वेग आणि लिटरला सत्तरच्या पुढे ॲव्हरेज. प्रदूषणाचे नियम आवळले तसं २००० च्या सुमारास ते प्रकरण मिटलं. रस्त्यावर उरल्या त्या कंपनीच्या थोड्या आणि गॅरेजात जोडलेल्या बाकीच्या.

अशी गाडी पहिल्यांदा हाती आली की माणूस दोन गोष्टी करतो. ॲव्हरेजसाठी पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदलून घेतो आणि दिवा मंद म्हणून दुसऱ्या दुकानात जाऊन मोठा बल्ब टाकतो. मीही हेच केलं. महिनाभरात बॅटरी बसली. मग इलेक्ट्रिशियनने बॅटरीला नावं ठेवली, बॅटरीवाल्याने वायरिंगला. दोघांच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही उशिरा आलं, की ही दोन्ही कामं इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेली आहेत. एकाची दोरी ओढली की दुसरं हलतं. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

आधी कागद

गाडी घेण्याआधी आरसी बुकात इंधन काय लिहिलंय ते बघा. ‘डिझेल’ असेल आणि इंजिन नंबर जुळत असेल, तर प्रश्न नाही. पेट्रोलच्या आरसीवर डिझेल इंजिन चालत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये ती गाडी अडकते. दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड परवडेलही एखाद्याला, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला सवाल याचाच करते. अशी गाडी शेताच्या बांधाबाहेर काढू नका, हे माझं सरळ मत. पुढचं सगळं, ज्यांचे कागद चोख आहेत त्यांच्यासाठी.

पायरी १: तीन आकडे लिहून ठेवा

पाना हातात घेण्याआधी वही घ्या.

पहिला आकडा ॲव्हरेजचा. टाकी गळ्यापर्यंत भरा, निदान दोनशे किलोमीटर रोजच्या रस्त्यावर चालवा, त्याच पंपावर, गाडी तशीच डबल स्टँडला लावून पुन्हा गळ्यापर्यंत भरा. बाटलीत अर्धा लिटर डिझेल घेऊन गाडी बंद पडेपर्यंत चालवायची पेट्रोलवाली युक्ती इथे करू नका. लाइनमध्ये हवा शिरेल आणि रस्त्याच्या कडेला पंपाचा बँजो बोल्ट ढिला करून हवा काढत बसाल.

दुसरा आकडा चाकाच्या घेराचा. मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, कोणाला तरी सीटवर बसवा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि टेपने मोजा. १९ इंची चाकाला साधारण २ मीटर येतं. पुढच्या हिशेबात मी २ मीटरच धरलंय.

तिसरा आकडा, इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो. गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअर, डिझेलचा कॉक बंद, डिकॉम्प्रेशन लिव्हर (व्हॉल्व्ह उचलून इंजिनातला दाब सोडणारा) वर. फ्लायव्हीलवर खूण करा. मागचं चाक हाताने दहा फेरे फिरवा आणि फ्लायव्हीलचे फेरे मोजा, दहाने भागा. हेच गुणोत्तर. दात मोजत बसण्यापेक्षा हे सोपं, कारण घरगुती गाडीत प्रायमरीला (इंजिन ते गिअरबॉक्सच्या चेनला) कुठलं स्प्रॉकेट आहे हे बहुतेक वेळा बनवणाऱ्यालाही आठवत नसतं.

शेवटच्या दोन आकड्यांवरून वेग काढता येतो. इंजिनाचे मिनिटाचे फेरे भागिले गुणोत्तर, गुणिले घेर, गुणिले ६०, भागिले १०००. समजा गुणोत्तर ६ आलं. मग ३६०० फेऱ्यांना ७२ किलोमीटर आणि २५०० फेऱ्यांना ५०. ३६०० हा आकडा यासाठी घेतला की या इंजिनाचा गव्हर्नर (फेऱ्यांना लगाम घालणारा भाग) तिथेच थांबवतो. पंपसेट, जनरेटर, तीनचाकी यांच्यासाठी बनलेलं हे इंजिन, मूळ डिझाइन इटलीतल्या लोम्बार्दिनीचं. एका लयीत दिवसभर चालायचा त्याचा स्वभाव. त्याला पेट्रोल बुलेटसारखं पळवायला गेलात तर ते रुसतं.

आणि एक. गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही. ‘थोडी ताणून देतो, ऐंशीने पळेल’ म्हणणारा फिटर प्रत्येक तालुक्यात एक तरी असतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, म्हणजे चावी फिरवून बंद करायची सोय नाही. गव्हर्नर बिघडून इंजिन सुटलं तर कॉक बंद करूनही ते लगेच थांबत नाही. त्या वेळी डिकॉम्प लिव्हर ओढा किंवा हवेच्या तोंडावर जाड पोतं दाबा. हात लावू नका.

पायरी २: गाडी मोकळी करा

हे काम फुकटातलं आहे आणि तरी कोणी करत नाही. डबल स्टँडवर दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. मागचं चाक एका झटक्यात दोन-तीन फेरे जायला हवं. लगेच थांबत असेल तर ब्रेक शू घासतोय किंवा चेन आवळलेली आहे. चेनला मधोमध २० ते २५ मिलिमीटर खेळ ठेवा, पण सगळ्यात घट्ट जागी मोजून. जुन्या चेनला एक जागा नेहमीच घट्ट असते.

टायरची हवा दर आठवड्याला थंड टायरवर बघा. मोठे क्रॅश गार्ड, लोखंडी साइड बॉक्स, पुढची काच, यातलं लागत नसेल ते उतरवा. ५० ऐवजी ६५ ने गेलात तर हवेचा विरोध सुमारे ६९ टक्क्यांनी वाढतो. साडेसहा घोड्यांतले निम्म्याहून जास्त घोडे तुमच्या छातीवर आदळणारा वाराच खातो.

पायरी ३: हवा, व्हॉल्व्ह, नॉझल

ऑइल बाथ फिल्टर असेल तर उघडा. तळाशी गाळ साचून तेल खुणेच्या वर आलेलं असतं. धुऊन नवं तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं आणि निळा धूर सोडतं, मग लोक रिंगा बदलायला धावतात.

व्हॉल्व्हचा खेळ थंड इंजिनावर लावायचा. माझ्या इंजिनाला ०.१५ मिलिमीटर आहे. तुमचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच खरं. फिलर गेज घालण्याआधी डिकॉम्प लिव्हर खाली आहे ना हे बघा. तो वर असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचललेला राहतो आणि मोजलेला आकडा निव्वळ खोटा येतो.

नॉझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारा भाग, मात्र पंप-नॉझलवाल्याकडेच न्या. टेस्टरवर दांडा मारला की धुक्यासारखा बारीक फवारा आणि चर्रचर्र आवाज आला पाहिजे. थेंब लोंबला तर नॉझल गेलं. किती दाबाला उघडतं तेही विचारा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका. तो दाब कातडी फोडून डिझेल आत घुसवतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तेवढ्यावरून बोट कापायची वेळ आलेली माणसं आहेत.

परत बसवताना नॉझलखालचा तांब्याचा वॉशर नवा टाका, पण जुना आधी बाहेर काढा. तो हेडमध्ये चिकटून बसतो. त्याच्यावर दुसरा बसला की नॉझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि सगळं नवं टाकूनही धूर तसाच राहतो. मी यात एक दिवाळी घालवली आहे.

पंप काढावा लागला तर त्याखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) मोजून, पिशवीत बांधून ठेवा. टायमिंग, म्हणजे फवारा नेमका कधी पडतो ते, त्यांच्यावर असतं. धूर काय म्हणतो तेही ऐका. चढाला काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. इंजिन तापल्यावरही पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर टायमिंग मागे पडलंय किंवा नॉझल गळतंय. सुरू केल्यापासून ठणठण लोखंडी ठोका असेल तर टायमिंग पुढे गेलंय. पिकअपसाठी कोणी पंपाचा डिझेल मर्यादेचा स्क्रू सैल केला असेल, तर तो टेस्ट बेंचवर पुन्हा बसवून घ्या. काळा धूर म्हणजे नळीतून बाहेर फेकलेलं डिझेल, आणि आतला पिस्टन तापतोय तो वेगळाच.

फ्लायव्हीलच्या पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकलेलं बघितलंय मी. ते नटवायला लावलेलं नाही. पंख्याची हवा तेच हेडकडे वळवतं.

पायरी ४: स्प्रॉकेट, एकेका दाताने

आता गिअरिंग. डिझेल इंजिन कमी तेल पितं ते मधल्या फेऱ्यांत आणि बऱ्यापैकी ओझ्याखाली. याचा टॉर्क २५०० च्या आसपास भरतो. तुम्ही रोज पन्नासने जाता आणि इंजिन २९००-३००० वर ओरडत असेल, तर स्प्रॉकेट बदलण्यात अर्थ आहे. पन्नासला ते आधीच २२०० वर असेल तर काही बदलू नका, पुढची पायरी वाचा.

गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला एक दात वाढवला की गुणोत्तर सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. १६ दात असताना ६ होतं असं धरू. १७ ला ५.६५ होईल, १८ ला ५.३३. ताशी पन्नासला इंजिन आधी २५०० फेरे घेत होतं, ते १७ ला साधारण २३५० आणि १८ ला २२२० घेईल. एकदम दोन दात वाढवू नका. एक वाढवा, चेन पुरते का ते बघा, कव्हरला घासत नाही ना ते बघा आणि मग ओळखीच्या चढाला न्या. माझी परीक्षा इमामपूर घाटात होते. तिसऱ्यात, मागे माणूस बसवून, काळा धूर न सोडता गाडी चढली तर बदल जमला. टॉपमध्ये सपाटीवर समोरून वारा असताना वेग पडत असेल तर एक दात जास्त झालाय.

उंच गिअरिंगवर चालवायची सवयही बदलावी लागते. फेरे १८०० च्या खाली गेले की मी टॉप सोडून तिसऱ्यात येतो. धाडधाड करत टॉपमध्येच ओढत राहिलात तर वाचलेलं डिझेल बेअरिंग आणि क्लचमध्ये जातं.

पायरी ५: इथे दिव्याचा संबंध येतो

या गाडीला इग्निशन नाही. ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) जे काही देतो ते सगळं दिव्यांसाठी आणि हॉर्नसाठी. तरीही दिवा मंद का? कारण मॅग्नेटवर चालणारा ऑल्टरनेटर फेऱ्यांवर देतो. मूळ बुलेटचा ऑल्टरनेटर पेट्रोल इंजिनाच्या फेऱ्यांच्या हिशेबाने बनलेला आणि डिझेल त्याहून हळू फिरतं. वर तुम्ही आत्ताच स्प्रॉकेट वाढवून ते आणखी हळू केलंत.

म्हणून ‘जमा-खर्च बरोबरीचा’ फेरा शोधा. पूर्ण चार्ज बॅटरीवर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दिसतील. गाडी सुरू करा, हेडलाइटचा अपर आणि टेललाइट चालू करा. स्लोवर व्होल्ट उतरतील. रेस हळूहळू वाढवा. ज्या फेऱ्याला आकडा १३ च्या वर जाऊन तिथे टिकतो, तो तुमचा फेरा. त्याखाली बॅटरी रिकामी होत असते, त्यावर भरत असते. रेस आणखी वाढवल्यावर १४.५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, आधी तो बदला.

फेरे मोजायचे कसे? स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर इथे बिनकामाचा. ऑनलाइन मिळणारा चिकटपट्टीवाला ऑप्टिकल टॅकोमीटर चालतो. मल्टिमीटरला हर्ट्झची सोय असेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे. ऑल्टरनेटरच्या दोन एसी वायरींवर हर्ट्झ मोजा. सहा पोलचा रोटर असेल तर हर्ट्झ गुणिले २० म्हणजे फेरे. ११५ हर्ट्झ म्हणजे २३००.

समजा तुमची बरोबरी २३०० ला आली. गुणोत्तर ६ असताना तो वेग होता ४६. सतरा दातांवर झाला ४९, अठरावर ५२. रात्री तुम्ही पन्नासने जात असाल, तर सोळा दातांवर बॅटरी भरत होती आणि अठरा दातांवर ती थोडीथोडी झिरपत राहील. माझी बॅटरी बसली ती अशी. शिवाय मी वर १००/९० वॅटचा बल्ब टाकला होता. नऊ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून ५ अँपिअर सतत ओढले तर कागदावरसुद्धा पावणेदोन तास निघतात. प्रत्यक्षात तासाभरात दिवा पिवळा पडू लागतो.

यातून वाट दोनच. फेरे वाढवा किंवा खर्च कमी करा. ॲव्हरेज हवं असेल तर दुसरी.

पायरी ६: खर्च कमी, उजेड जास्त

साधा हेडलाइट ६० वॅट, टेल ५, मीटरचा दिवा २-३. म्हणजे सारखा चालू राहणारा खर्च सुमारे ६८ वॅट, म्हणजे ५ अँपिअर. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर क्षणाक्षणाचे.

पण नवा दिवा घेण्याआधी जुन्याला पुरते व्होल्ट मिळतात का ते तपासा. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या होल्डरच्या प्लसपर्यंत मल्टिमीटर लावा. जेवढा आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत जिरले. मग बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तसंच मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आजार वायरिंगचा आहे. हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड तीस टक्क्यांनी पडतो. एका व्होल्टची ही किंमत.

उपाय रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अपरला एक, डिपरला एक. बॅटरीच्या प्लसवरून १.५ चौरस मिलिमीटरची वायर १० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरला आणा. ८७ वरून तशीच वायर बल्बला. स्विचवरून येणारी जुनी बारीक वायर आता फक्त ८६ ला, आणि ८५ अर्थला. हँडलवरच्या जुन्या स्विचमधून मोठा करंट जाणं थांबतं, त्यामुळे स्विचही जगतो.

अर्थकडे विशेष लक्ष द्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा अर्थ हँडलच्या कोन बेअरिंगमधून चासीला जातो. ग्रीसने भरलेल्या गोळ्यांतून पाच अँपिअर! दिव्यापासून थेट बॅटरीच्या मायनसला काळी वायर ओढा. नुसत्या या एका वायरीने माझ्याकडे फरक पडला होता.

वायरीच्या टोकांना थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवा, सोल्डर करू नका. या इंजिनाची थरथर अशी की सोल्डर संपतो त्या जागी वायर कडक होऊन महिन्या-दोन महिन्यांत तुटते. रिले रबरावर बसवा, पिना खाली ठेवून, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही.

एवढं करूनही जमा-खर्च जुळत नसेल तर एलईडी. टेल आणि मीटरचा दिवा खुशाल एलईडी करा. थरथरीत फिलामेंट तुटायची कटकटही जाते. इंडिकेटर केले तर फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक टाकावा लागेल, नाहीतर ते भराभर मिचकतात. हेडलाइटचं मात्र सांभाळून. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला की प्रकाश चहूकडे उधळतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या रस्त्यावर कमी पडतो. घ्यायचंच तर सात इंची अख्खा एलईडी हेडलाइट घ्या. बुलेटच्या डोममध्ये तो बसतो. डिपरला वरची कड सरळ कापलेली दिसते का आणि ती कड डावीकडे वर चढते का, हे दुकानातच भिंतीवर पाडून बघा. उजवीकडे चढत असेल तर तो उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशासाठी बनलाय, परत द्या. तीस वॅटचा असा दिवा बसला की दोन अँपिअरच्या वर वाचतात आणि बरोबरीचा फेरा खाली येतो. तेव्हा तो सतरावा किंवा अठरावा दात खऱ्या अर्थाने परवडतो. एलईडीला बॅटरीचा डीसीच द्या. ऑल्टरनेटरच्या एसीवर थेट जोडलेला स्वस्त दिवा आधी फडफडतो आणि मग जातो.

पायरी ७: दिव्याचा नेम

सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. स्टँडवर नाही, दोन्ही चाकांवर, आणि नेहमीचा माणूस सीटवर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूची रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली यायला हवी. दुधाचे कॅन लादून जाणार असाल तर कॅन लादूनच नेम लावा, कारण मागे वजन पडलं की गाडीचं तोंड वर होतं.

शंभर किलोमीटरनंतर सगळे नट, हेडलाइटच्या रिमचा स्क्रू आणि रिलेची सॉकेटं पुन्हा हाताने हलवून बघा. काही ना काही ढिलं झालेलं असतंच. व्होल्टची चाचणी एकदा नव्या स्प्रॉकेटवर, रात्रीच्या तुमच्या नेहमीच्या वेगाच्या फेऱ्यांवर करून वहीत लिहा. आणि दोन जादा फ्यूज इन्सुलेशन टेपने हेडलाइटच्या डोममध्ये आतून चिकटवून ठेवा. टूलबॉक्समधले या थरथरीत कधी कुठे गळून पडतात ते कळत नाही.